ईस्टर : मूळ एक, चाली अनेक

मनमाड हे आगगाडीचे गाव. मुंबई, भुसावळ, दौंड आणि मराठवाडा अशा चार बाजूंनी येथे रूळ येऊन मिळतात. रेल्वेच्या गावात माणसेही अशीच चहूकडून येतात आणि येताना आपापले सण बरोबर आणतात. त्यामुळे अशा गावात एकच सण चार घरी चार तऱ्हांनी होताना दिसला, तर त्यात नवल वाटायला नको. पण एकदा वर्गात याच गोष्टीवरून एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. तेव्हापासून या विषयावर चार शब्द बोलावेत असे मनात होते.

झाले असे. जवळच्याच एका खेड्यातून कॉलेजला येणारी ही मुलगी. घराणे तीन-चार पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. ईस्टरनंतरच्या सोमवारी तिने मैत्रिणींसाठी डब्यात पुरणपोळी आणली. एकीने विचारले, "अगं, ईस्टरला तर रंगीत अंडी आणि चॉकलेटचा ससा असतो ना? पुरणपोळी कसली?" दुसरा एक मुलगा म्हणाला, "नाहीतरी तो साहेबांचा सण. यांनी उसना घेतलेला." मुलगी काही बोलली नाही. तास संपल्यावर मात्र माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, आमच्या आजीला ससा ठाऊक नाही. मग आमचा ईस्टर खोटा का?"

प्रश्न लहान, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे. सण कोणाचा असतो? ज्या देशातून त्याची चित्रे छापून येतात त्या देशाचा, की जो तो पाळतो त्याचा? उत्तर द्यायचे तर आधी सणाचे मूळ पाहिले पाहिजे.

ईस्टर हा येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा सण. शुक्रवारी येशूला क्रुसावर खिळले आणि रविवारी पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेपाशी गेल्या, तेव्हा कबर रिकामी होती, अशी शुभवर्तमानातली कथा आहे. ख्रिस्ती श्रद्धेचा हा गाभा, म्हणून नाताळापेक्षाही हा सण जुना आणि मोठा मानतात. आता ही घटना घडली ती यहुदी लोकांच्या एका सणाच्या दिवसांत. त्या सणाचे हिब्रू नाव 'पेसाख'. इजिप्तच्या गुलामीतून इस्राएल लोक सुटले, त्याची ती आठवण. मृत्यूचा दूत इस्राएलांची घरे ओलांडून पुढे गेला, अशी ती कथा. मराठी बायबलात या सणाला फार सुंदर शब्द योजला आहे, 'वल्हांडण'. वलांडणे म्हणजे ओलांडणे. शेताचा बांध ओलांडणारा माणूस जी क्रिया करतो, तीच या शब्दात आहे.

या पेसाखवरूनच जगातल्या बहुतेक भाषांनी ईस्टरचे नाव घेतले. ग्रीक आणि रशियन लोक 'पास्खा' म्हणतात, इटलीत 'पास्क्वा', फ्रान्समध्ये 'पाक', इथिओपियात 'फासिका'. आपल्या शेजारच्या गोव्यात कोकणीत 'पास्कांचें फेस्त' म्हणतात. पोलंडचे लोक 'महान रात्र' या अर्थाचा शब्द वापरतात, तर हंगेरीच्या भाषेतल्या नावाचा अर्थ चक्क 'मांस घेणे', म्हणजे उपवास सुटणे, असा आहे. 'ईस्टर' हे नाव इंग्रजांचे, आणि त्याचे भावंड 'ओस्टर्न' जर्मनांचे. इंग्रजांचे राज्य आपल्याकडे होते म्हणून त्यांचे नाव आपल्या तोंडी बसले, एवढेच.

या इंग्रजी नावावरून पुष्कळ वाद ऐकू येतात. कोणी म्हणतात, हा मूळचा बॅबिलोनच्या इश्तार देवीचा सण. ईस्टर आणि इश्तार हे सारखेच नाही का वाटत? श्रोतेहो, कानाला सारखे वाटणे हा पुरावा नव्हे. बीड नावाच्या एका इंग्रज साधूने सन ७२५ च्या सुमारास कालगणनेवर ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की इंग्रज लोक एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला पूर्वी एओस्त्रे नावाच्या देवीवरून ओळखत आणि त्याच महिन्याचे नाव पुढे या सणाला चिकटले. त्या देवीविषयी जुन्या काळचा लेखी पुरावा काय तो एवढाच. अंडी आणि ससा यांचा त्यात उल्लेखही नाही. म्हणजे देवीचे असले तरी नावच, आणि तेही महिन्यामार्फत आलेले. आपण जुलै म्हणतो तेव्हा ज्युलियस सीझरची पूजा करत नाही, तसेच हे. शिवाय सणाला ते नाव मिळण्यापूर्वी कितीतरी शतके ग्रीस, सीरिया, इजिप्त या देशांतले ख्रिस्ती लोक हा सण पाळत होते.

आता तारखेचा प्रश्न. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टर असा हलता का? हे आपल्या शेतकरी श्रोत्यांना समजावून सांगायला मुळीच अवघड नाही. मकरसंक्रांत सूर्यावर चालते, म्हणून तारीख फारशी हलत नाही. होळी तिथीवर चालते, म्हणून हलते. नाताळ हा संक्रांतीसारखा, ईस्टर हा होळीसारखा. २१ मार्च ही वसंतसंपाताची तारीख धरायची, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहायची आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली, तर पुढचा रविवार. या हिशेबाने तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात पंचांग उघडून हे मुलांकडून काढून घ्यावे, मोठी मौज येते. २०२३ साली हनुमान जयंती ६ एप्रिलला होती आणि ईस्टर ९ एप्रिलला आला. २०२४ साली मात्र ईस्टर चैत्री पौर्णिमेनंतर न येता होळीनंतरच आला. होळी पेटली २४ मार्चला आणि ईस्टर झाला ३१ मार्चला. कारण आदल्या वर्षी अधिक श्रावण येऊन गेला होता, त्यामुळे आपले महिने पुढे सरकले आणि फाल्गुनी पौर्णिमाच २१ मार्चच्या पलीकडे गेली. २०२५ साली आणखी गंमत झाली. हनुमान जयंती शनिवारी, १२ एप्रिलला झाली. पण पौर्णिमा संपता संपता रविवारची पहाट उजाडली. चर्चच्या कोष्टकात ती रविवारचीच धरली गेली आणि ईस्टर आठवडाभर पुढे, २० एप्रिलला गेला. चर्च आकाशातला चंद्र दरवर्षी पाहत नाही, ठरवून ठेवलेल्या कोष्टकावरून पौर्णिमा काढते, हे येथे ध्यानात ठेवावे.

या तारखेवरून पूर्वी भांडणेही झाली. आजच्या तुर्कस्तानातल्या भागात जुने ख्रिस्ती लोक म्हणत, तिथी महत्त्वाची. यहुदी महिन्याच्या चौदाव्या दिवशी सण पाळायचा, मग वार कोणताही असो. रोमचे लोक म्हणत, वार महत्त्वाचा. पुनरुत्थान रविवारी झाले, तेव्हा सण रविवारीच. आपल्याकडे स्मार्त एकादशी आणि भागवत एकादशी अशा कधी कधी दोन एकादशा येतात, तशातलाच हा प्रकार. सन १५५ च्या सुमारास स्मर्ना गावचा वृद्ध धर्मगुरू पॉलिकार्प रोमला गेला आणि तिथल्या अनिसेटस या प्रमुखाशी याच विषयावर बोलला. दोघांनीही आपापला हट्ट सोडला नाही. पण निघताना त्यांनी एकत्र उपासना केली आणि ते सलोख्याने निरोप घेऊन वेगळे झाले. पुढे सन ३२५ मध्ये निकाया येथील धर्मसभेने सर्वांनी एकाच रविवारी सण करावा असे ठरवले. तरी आजही रशिया, ग्रीस येथील पौर्वात्य चर्चचा ईस्टर पुष्कळदा वेगळ्या दिवशी येतो, कारण त्यांचा हिशेब जुन्या ज्युलियन पंचांगावर चालतो. ते पंचांग आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. २०२४ साली त्यांचा ईस्टर ५ मे रोजी झाला. २०२५ साली मात्र दोघांचा एकच दिवस आला.

आता अंड्यांकडे वळू. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. पूर्वी युरोपात या दिवसांत मांस तर वर्ज्य असेच, शिवाय दूध, लोणी आणि अंडी हीही वर्ज्य असत. इथिओपियातले ख्रिस्ती तर आजही ५५ दिवस असा कडक उपास पाळतात. पण माणसाने उपास धरला म्हणून कोंबडी थोडीच अंडी द्यायची थांबते! घरोघर अंडी साठत. सणाच्या दिवशी ती रंगवायची, एकमेकांना द्यायची आणि खायची, अशी रीत पडली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या जमाखर्चात ४५० अंड्यांसाठी १८ पेन्स खर्च पडल्याची नोंद आहे. स्वयंपाकघराच्या गरजेतून आलेल्या या वस्तूला मग अर्थ मिळाला. ग्रीसमध्ये अंडी लाल रंगवतात. लाल रंग रक्ताचा, कवच म्हणजे बंद कबर, आणि ते फुटणे म्हणजे नवे जीवन. दोघे जण अंड्यावर अंडे आपटतात आणि "ख्रिस्त उठला आहे" असे म्हणतात.

ससा त्यामानाने अलीकडचा. ईस्टरचा ससा अंडी लपवून ठेवतो, ही मुलांची गोष्ट जर्मनीतली. तिचा उल्लेख १६८२ सालच्या एका पुस्तकात सापडतो. तेथून स्थलांतर करणाऱ्या जर्मन कुटुंबांनी अठराव्या शतकात ती अमेरिकेत नेली, आणि पुढे चॉकलेटच्या कारखान्यांनी ती जगभर पोहोचवली. पण तीही सगळीकडे रुजली नाही. फ्रान्समध्ये मुलांना सांगतात की चर्चच्या घंटा गुरुवारी उडून रोमला जातात आणि परत येताना खाऊ आणतात. कारण त्या दिवसांत तिथे घंटा वाजवत नाहीत. ऑस्ट्रेलियात १८५९ साली शिकारीच्या हौसेपायी ससे सोडले गेले आणि त्यांनी पुढे शेते व कुरणे फस्त केली; म्हणून तिथे काही लोक सशाऐवजी 'बिल्बी' नावाच्या तिथल्याच लांब कानांच्या प्राण्याची चॉकलेटे करतात. पाहा, ज्या मातीत सशाने शेतकऱ्याला रडवले, त्या मातीने ससाही बदलला!

पोलंडमध्ये ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तरुण मुले-मुली एकमेकांवर पाणी ओततात. आपल्याला लगेच रंगपंचमी आठवते. शनिवारी रात्री कॅथलिक चर्चबाहेर नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर मोठी मेणबत्ती लावतात, ते पाहून होळी आठवते. मन लगेच म्हणते, हे त्यांनी आपल्याकडून घेतले असणार, किंवा आपण त्यांच्याकडून. येथे जरा सबुरी हवी. वसंत सगळीकडे येतो. पाणी आणि अग्नी सगळीकडे आहेत. माणसाला आनंद झाला की तो हाताशी असेल ते उधळतो. साम्य दिसले म्हणून नाते ठरत नाही. दोन शेतांत ज्वारी दिसली म्हणून बियाणे एकाच कणगीतले असे आपण म्हणतो का?

आता आपल्या देशाकडे येऊ. केरळातले सीरियन ख्रिस्ती फार जुने. त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्री तांदळाचा, न आंबवलेला 'पेसहा अप्पम' करतात, नारळाच्या दुधातले गोड पेय करतात, आणि घरातला कर्ता पुरुष ती भाकर मोडून सर्वांना देतो. 'पेसहा' या नावात तोच हिब्रू पेसाख आहे. मूळ यहुदी रीत तांदूळ आणि नारळ यांच्या मुलखात येऊन मुरली.

आणि ज्यांचा हा पेसाख, ते लोकही आपल्या महाराष्ट्रात आहेत बरं का! रायगडच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल. घरात मराठी बोलणारे हे यहुदी तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांतले पुष्कळ जण इस्राएलला गेले, काही येथे राहिले. पेसाखमध्ये आंबवलेले काही घरात ठेवायचे नसते. या लोकांनी सणाला आपले मराठी नाव दिले होते, 'अनशी ढाकायचा सण'. तोंडीलावण्याच्या आंबट पातळ पदार्थाचे मडके झाकून ठेवायचे, म्हणून हे नाव. हिब्रू ग्रंथांशी संबंध विरळ झाला होता, पण मडक्यावरच्या झाकणाने सणाची आठवण धरून ठेवली. शिक्षकांनो, इतिहास केवळ शिलालेखात नसतो, तो चुलीपाशीही असतो.

उत्तर कोकणात वसईला १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. तेथील ख्रिस्ती कॅथलिक पंथाचे. ईस्टरच्या आधीच्या रविवारी झावळ्या घेऊन मिरवणूक काढायची, तिला 'झावळ्यांचा रविवार' म्हणतात. नारळीच्या वाडीतल्या माणसाला याहून जवळचे नाव सुचणार नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले. सुमारे ११,००० ओव्या, आणि सगळ्या मराठीत. जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतची येशूची कथा त्याने आपल्या पुराणांच्या पद्धतीने सांगितली.

देशावरची हकीकत पुन्हा निराळी. नाशिकजवळ शरणपूर येथे आणि आजच्या अहिल्यानगर, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांचे काम वाढले. येथील ख्रिस्ती लोकांनी टाळ, मृदंग आणि कीर्तन सोडले नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. आपल्या लोकांनी ख्रिस्ताला मराठी भजनातून आळवावे, ही त्यांची तळमळ होती, आणि त्यांची भजने आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई या त्यांच्या पत्नी. त्यांचे माहेर आपल्या नाशिकजवळचे जलालपूर. हे सारे आपल्याच जिल्ह्यातले, आपल्याच भाषेतले. याला परके कसे म्हणायचे?

त्या मुलीला मी यातले बरेचसे सांगितले. पुढच्या ईस्टरला तिच्या वडिलांनी मला गावी बोलावले. पहाटे चारच्या सुमारास मंडळी चर्चपाशी जमली, हातात मेणबत्त्या. ढोलकी आणि टाळांच्या साथीवर भजने म्हणत सगळे गावाबाहेरच्या कबरस्तानात गेले. कबरींना दोन दिवसांपूर्वीच चुना लावला होता, वर मोगऱ्याची फुले ठेवली होती. शेजारच्या रानात काढलेल्या कांद्याचे ढीग पडले होते, त्याचा वास येत होता. कबरींच्या मधोमध उभे राहून त्यांनी प्रार्थना केली. पूर्वेला फटफटले, तशी "प्रभू उठला आहे" अशी एकाने हाक दिली आणि सगळ्यांनी "खरोखर उठला आहे" असे उत्तर दिले. बायका पहाटे कबरेपाशी गेल्या ही जी मूळ कथा, तिच्या इतक्या जवळ ना चॉकलेटचा ससा आहे ना रंगीत अंडे.

घरी आलो. आजी चुलीपुढे बसून पोळ्या लाटत होत्या. मी विचारले, "आजी, ईस्टरला पुरणपोळी का हो?"

आजी म्हणाल्या, "अवो सर, नवा हरभरा घरात आलेला असतो, गूळ असतो. आनंदाच्या दिवशी गोड करायचं, ते घरात असंल त्याचंच ना? आमच्या सासूबाई करायच्या, म्हणून मीबी करते."

श्रोतेहो, एवढ्या पुस्तकांतून मी जे काढले, ते आजींनी पोळी लाटता लाटता सांगून टाकले. उत्तरेकडच्या थंड देशात बर्फ वितळल्यावर कोंबड्या पुन्हा अंडी घालू लागतात, म्हणून त्यांच्या ताटात अंडे. केरळात तांदूळ, म्हणून अप्पम. आमच्याकडे रब्बीचा हरभरा, म्हणून पुरण. श्रद्धा एका ठिकाणाहून निघते आणि ज्या घरी उतरते त्या घरचे अन्न खाते. इंग्रजाचा ससा जितका खरा, तितकीच या आजींची पुरणपोळी खरी. किंबहुना ससा नंतरचा आणि मोसमातले गोड करण्याची चाल त्याहून पुष्कळ जुनी.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात कोणत्याही धर्माच्या सणाविषयी सांगताना पुस्तकातले चित्र दाखवून थांबू नका. ज्या मुलाच्या घरी तो सण होतो त्याला उभे करा आणि विचारा, "बाळ, तुमच्या घरी काय करतात रे?" त्याचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर त्याला चूक ठरवू नका. आपल्या घरची चाल खोटी आहे असे ज्या मुलाला वाटते, ते मूल हळूहळू आपले घरच लपवू लागते. पॉलिकार्प आणि अनिसेटस यांचे तारखेवर एकमत झाले नाही, तरी ते सलोख्याने निघाले. आपल्याला तर फक्त एका डब्यातली पोळी वाटून खायची आहे.